रीफ टँकमधील आगंतुक पॉलिप: ओळख, आवर आणि उच्चाटन

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचे खाऱ्या पाण्यातले मत्स्यालय, सुरू होऊन सहा-आठ महिने झाले, प्रवाळांनी मूळ धरले, पाण्याचे आकडे स्थिरावले आणि आता नुसते समोर बसून बघावे असे वाटू लागले, की नेमके त्याच सुमारास खडकाच्या एखाद्या भोकातून तपकिरी, काहीसे पारदर्शक, ताडाच्या झाडासारख्या आकाराचे एक इवलेसे फूल डोके वर काढते. नवखा माणूस त्याला फुकट मिळालेले प्रवाळ समजून हरखतो आणि कधी कधी पिपेटने त्याला खाऊही घालतो. दोन-तीन महिन्यांत तशी दोन डझन फुले दिसू लागतात आणि शेजारच्या प्रवाळाच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतात.

अशा आगंतुक पॉलिपांचे, म्हणजे मधे तोंड आणि भोवती हातांची झालर असलेल्या प्रवाळकुळातल्या इवल्या जीवांचे, दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग न बोलावता आलेल्यांचा: एप्टेशिया, मॅजानो, हायड्रॉइड. हे लाइव्ह रॉकमध्ये (सूक्ष्म जीव वसलेल्या सागरी खडकात) किंवा फ्रॅग प्लगच्या, म्हणजे प्रवाळाचा तुकडा (फ्रॅग) ज्या छोट्या बैठकीवर चिकटवून विकतात तिच्या, खालच्या बाजूस दडून येतात. दुसरा वर्ग आपणच पैसे मोजून, हौसेने आणलेल्यांचा असतो. ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, क्लोव्ह पॉलिप, तपकिरी पॅलिथोआ ही त्यांतली नेहमीची नावे. पहिल्या वर्गाविषयी सर्वच जण सावध करतात. माझ्या पाहण्यात मात्र टाक्या मोडून पुन्हा मांडण्याची वेळ दुसऱ्या वर्गानेच अधिक वेळा आणली आहे, कारण त्याची वाढ सुरुवातीला सगळ्यांनाच आवडते.

पुढील सर्व सूचना एकाच प्रश्नाभोवती फिरतात: समोरचा पॉलिप पसरतो कसा? तुटलेल्या तुकड्यातून नवा जीव होणारा पॉलिप खरवडणे म्हणजे त्याची लागवड करणे होय. चटईसारखा सरकत जाणारा पॉलिप एकेक करून मारत बसणे व्यर्थ असते. आणि विषारी पॉलिपाला हात घालण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या फुप्फुसांचा विचार करावा लागतो. म्हणून पहिली पायरी ओळखीची.

पायरी १: नीट ओळखावे

दिवे मालवून तासभर थांबावे आणि मग टॉर्च व भिंग घेऊन टाकीसमोर बसावे. निळ्या प्रकाशाची टॉर्च असेल तर अधिक चांगले, कारण अनेक पॉलिप त्या प्रकाशात चमकतात आणि फटीतले बारीक जीवही नजरेस पडतात. जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवावा.

एप्टेशिया हे लहान समुद्रपुष्प आहे. देठ लांबट आणि अर्धपारदर्शक, रंग तपकिरी, संस्पर्शक म्हणजे तंतूंसारखे हात लांब व टोकाकडे निमुळते होत गेलेले. त्याला सळईचा स्पर्श होताच ते क्षणार्धात भोकात शिरते. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात, ती प्रकाशावर अन्न तयार करतात, त्यामुळे एप्टेशियाला उजेडही चालतो आणि मासळीचे उरलेले खाद्यही चालते. फार डिवचल्यास ते अंगातून पांढरे दोरे बाहेर सोडते. त्या दोऱ्यांत दंशकोशिका ठासून भरलेल्या असतात आणि शेजारच्या प्रवाळाला खरी इजा त्यांनीच होते.

मॅजानो बुटके आणि जाडसर असते. त्याच्या संस्पर्शकांची टोके फुगीर, बोंडासारखी असतात, त्यावर हिरवी किंवा गुलाबी झाक असते, आणि त्यामुळे ते अनेकांना क्लाउनफिशच्या बबल टिप समुद्रपुष्पाचे पिल्लू वाटते. हायड्रॉइड अगदी बारीक, झुबक्याने वाढणारे आणि आकाराच्या मानाने भलतेच दाहक असतात. ग्रीन स्टारची खूण म्हणजे जांभळट, रबरासारखी चटई आणि त्यावर उमललेल्या हिरव्या चांदण्या. झेनियाचे हात मुठी उघडझाप केल्यासारखे हलत राहतात. पॅलिथोआ आणि त्याच्याच गटातले इतर झोअँथिड यांना गोल चकती आणि तिच्या कडेने आखूड हातांची झालर असते. पॅलिथोआच्या अंगात वाळूचे कण रुतलेले असल्याने तो बोटाला खरखरीत लागतो, मात्र हे ज्ञान पुस्तकी ठेवावे आणि उघड्या बोटाने पडताळू नये.

एक घोटाळा मात्र टाळलाच पाहिजे. फेदर डस्टर नावाचा नळीत राहणारा निरुपद्रवी कृमीही स्पर्श होताच झटकन आत जातो, आणि नवखे लोक त्याला एप्टेशिया समजून मारतात. त्याच्या हातांना पिसासारख्या उपशाखा असतात आणि तो चिखलट किंवा चुनखडीच्या नळीतून बाहेर आलेला असतो. एप्टेशियाचे हात गुळगुळीत असतात, आणि दोहोंतला हा फरक भिंगातून सहज दिसतो.

पायरी २: नकाशा काढावा आणि घाई आवरावी

कागदावर खडकांची ढोबळ आकृती काढून प्रत्येक आगंतुकाच्या जागी क्रमांक टाकावा. हे काम पोरकट वाटते. तरी दोन आठवड्यांनी एखादा पॉलिप नवा आहे की जुनाच पुन्हा फुटला आहे, हे याच कागदावरून कळते.

घाईचा माझा अनुभव सांगण्याजोगा आहे. पहिला एप्टेशिया दिसला तेव्हा मी तो लांब चिमट्याने धरून ओढला. तो अर्धा निघाला, बूड भोकातच राहिले, आणि ओढताना त्याचे जे बारीक तुकडे सुटले ते पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत पाणी खेळवणाऱ्या छोट्या पंपाच्या, प्रवाहात टाकीभर गेले. तीन आठवड्यांनी मी सात मोजले. एप्टेशियाच्या बुडापासून सुटलेल्या किंचितशा ऊतीतूनही नवा जीव तयार होतो. त्याची पुनरुत्पादनाची नेहमीची रीतच ती आहे, खडकावरून सरकताना तो मागे कण सोडत जातो. रक्तबीजाची कथा आपल्याकडे सर्वांना पाठ असते, तरी चिमटा हातात आला की ती आठवत नाही.

पायरी ३: एप्टेशिया आणि मॅजानो यांना टोचणे

संख्या पंचवीस-तीसच्या आत असेल तर इंजेक्शनची पद्धत सर्वांत भरवशाची. यासाठी बाजारात तयार द्रव मिळतात आणि ते चांगले काम करतात. घरी करायचे असल्यास शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, मत्स्यालयाच्या व्यवहारात ज्याला काल्कवासर म्हणतात तो, थोड्या आरओ पाण्यात कालवावा. मिश्रण टूथपेस्टपेक्षा पातळ पण सुईतून थेंब थेंब न गळता लोळ्यासारखे बाहेर येईल इतके दाट असावे. फार पातळ झाले तर ते प्रवाहात विरून जाते आणि पॉलिपाला काहीच होत नाही, उलट पाण्याचा पीएच वाढतो. फार दाट झाले तर सुई तुंबते आणि जोराने दाबल्यावर एकदम फवारा उडतो. चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

आता प्रत्यक्ष कृती. सर्व पंप आणि पॉवरहेड बंद करावेत आणि पाणी स्तब्ध होऊ द्यावे. सिरिंजला बोथट टोकाची लांब सुई किंवा कडक नळी लावावी. हात पाण्यात हळूहळू घालावा. सावली पडली तरी एप्टेशिया आकसतो. तो पूर्ण उमललेला असताना सुईचे टोक वरून, त्याच्या हातांना न लावता, मुखचकतीच्या मधोमध आणावे आणि थोडासा लोळा अगदी सावकाश सोडावा. हे नीट जमले तर एक मजेशीर गोष्ट घडते: अन्न आले असे समजून पॉलिप हात आत मिटतो आणि चुना स्वतःच गिळतो. मग तो भोकात शिरू लागतो. त्या क्षणी सुई मागे न घेता भोकाच्या तोंडावर आणखी थोडा लोळा ठेवून ते बंद करावे. एका पॉलिपाला अर्धा ते एक मिलिलिटर पुरतो. पहिल्या प्रयत्नातच तो आत पळाला तर त्याच्या मागे सुई खुपसू नये. त्या दिवशी त्याला सोडून द्यावे आणि दुसऱ्याकडे वळावे.

पंधरा-वीस मिनिटे पाणी स्तब्ध ठेवावे. त्यानंतर पांढरी पुटे बारीक नळीने सायफन करून बाहेर काढावीत आणि मगच पंप सुरू करावेत. जवळच्या प्रवाळावर चुना पडल्यास पिपेटने हलकेच पाणी मारून तो उडवावा. चुन्याने पीएच वर चढतो, म्हणून एका बैठकीत १०० लिटरमागे पाच-सहाच पॉलिप घ्यावेत असा माझा नियम आहे. पीएच मोजत राहावे आणि ८.५ ओलांडू लागला की काम थांबवावे. बाकीचे चार दिवसांनी.

लिंबाचा रस, व्हिनेगर आणि उकळते पाणी हेही उपाय लोक वापरतात. लहान पॉलिपांवर ते चालतात, मोठ्यांवर बहुधा अर्धवट चालतात, आणि अर्धवट मेलेला एप्टेशिया हा धडधाकट एप्टेशियापेक्षा अधिक त्रासदायक. उकळत्या पाण्याविषयी एक कडक अट पुढे पॅलिथोआच्या प्रकरणात येणार आहे. सुपरग्लू जेल आणि इपॉक्सी पुटीने भोक बुजवण्याचा मार्गही आहे, पण बुजवलेल्या खडकाला दुसरीकडून फट असेल तर पॉलिप तिथून बाहेर येतो. चुना टोचून झाल्यावर वरून पुटी लावणे हा मिश्र उपाय मला सर्वांत पसंत आहे.

मॅजानोला हेच सर्व लागू पडते, फक्त ते आतमध्ये तितके खोल शिरत नाही आणि त्याचे बूड बहुधा दिसते, त्यामुळे काम सोपे जाते. खडकाचा तो कपचाच छिन्नीने उडवून बाहेर काढता आला तर त्याहून उत्तम.

पायरी ४: भक्षक आणावा का?

संख्या शंभराच्या घरात गेली की सुई पुरी पडत नाही. अशा वेळी एप्टेशिया खाणारे प्राणी आणण्याचा सल्ला मिळतो, आणि तो योग्यही असतो, मात्र प्रत्येक प्राण्याची स्वतःची अडचण असते.

बर्गिया ही कवच नसलेली, बोटाच्या पेराएवढी सागरी गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते. मॅजानोला ती तोंड लावत नाही, प्रवाळांना धक्का लावत नाही. ती निशाचर आहे आणि दिवसा खडकाखाली दडते. तिला सोडताना दिवे मालवलेले असावेत, पॉवरहेड बंद असावेत, आणि पिशवी पाण्यावर रिकामी न करता एकेक बर्गिया नळीने थेट एप्टेशियाच्या शेजारी ठेवावी. पंपांच्या आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतले पाणी खाली उतरण्याच्या वाटेच्या) तोंडांवर स्पंजचे आवरण घालावे, नाहीतर पहिल्याच रात्री निम्मी संख्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीत, जाते. एखाद-दुसरी आणून उपयोग नसतो. टाकीच्या आकारमानानुसार सहा, दहा किंवा अधिक अशा गटाने त्या सोडाव्यात, म्हणजे त्यांची जोडी जमते, पांढऱ्या सर्पिल दोऱ्यासारखी अंडी दिसू लागतात आणि सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पहिले दोन महिने काहीच घडत नाही असे वाटते. मग एका आठवड्यात खडक मोकळे दिसू लागतात. सिक्स लाइन रास आणि तत्सम रास मासे, तसेच पेपरमिंट कोळंबी, बर्गियाला खातात. टाकीत ते असतील तर हा खर्च वाया गेला असे समजावे. आणि अन्न संपले की बर्गिया उपाशी मरते, म्हणून काम उरकल्यावर ती दुसऱ्या एप्टेशियाग्रस्त टाकीवाल्याला देऊन टाकावी.

पेपरमिंट कोळंबी लहान एप्टेशिया आवडीने खाते, मोठ्यांकडे सहसा फिरकत नाही, आणि काही कोळंब्या तर ढिम्म हलत नाहीत. तिला रोज भरपेट खाद्य मिळत असेल तर ती एप्टेशियाच्या वाटेला जाणार नाही, हे उघड आहे. तिच्यासारखी दिसणारी कॅमल कोळंबी मात्र प्रवाळाचे पॉलिप कुरतडते. कॅमल कोळंबीच्या लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेषा असतात, डोळे मोठे असतात आणि पाठीला कुबड असते. पेपरमिंटचे अंग फिकट, जवळजवळ पारदर्शक असून त्यावर बारीक तांबड्या रेषा असतात. विकत घेताना पाठ बघून घ्यावी.

कॉपरबँड बटरफ्लायफिशची शिफारस नवख्यांना सर्रास केली जाते, आणि ती मला पटत नाही. तो मासा देखणा आहे, एप्टेशिया खातोही, पण बंदिस्त पाण्यात खाद्य स्वीकारायला फार वेळ घेतो आणि त्याला मोठी, मुरलेली टाकी लागते. १५०-२०० लिटरच्या टाकीत तो उपाशी खंगत जातो. ॲक्रेइक्थिस टोमेंटोसस हा लहान फाइलफिश त्यापेक्षा काटक आहे, परंतु एप्टेशिया संपल्यावर तो झोअँथिडांना किंवा मांसल प्रवाळांना टोचा मारू शकतो.

एक नियम सर्वांना सारखा: भक्षक आणि चुना एकाच वेळी वापरू नयेत. चुना गिळलेला पॉलिप भक्षकाने खाल्ला तर भक्षकही दगावू शकतो.

पायरी ५: चटईसारखे पसरणारे पॉलिप

ग्रीन स्टार, क्लोव्ह पॉलिप आणि त्यांचे भाईबंद बुडाच्या चटईने किंवा धावत्या दोऱ्यांनी पुढे सरकतात. शेतातली हरळी ज्याने उपटली आहे त्याला अधिक सांगायला नको. वरचा हिरवा भाग कापून काही होत नाही, खालची धाव तशीच राहते आणि कांड्याकांड्याला पुन्हा फुटते.

खडक बाहेर काढता येत असेल तर तो काढावाच. टाकीचेच पाणी भरलेल्या बादलीत खडक ठेवून, चटईची कड शोधून, तिच्याखाली पातळ पात्याचा चाकू सारावा. ग्रीन स्टारची चटई बऱ्याचदा भिंतीवरच्या जुन्या रंगाच्या पापुद्र्यासारखी सलग सोलून निघते, आणि ते काम विलक्षण समाधान देते. राहिलेल्या जांभळ्या डागांवर कडक ब्रश चालवावा, खडक बादलीतल्या पाण्यातच खळबळून घ्यावा आणि ते पाणी टाकीत परत ओतू नये. खडबडीत भेगांत जे उरेल त्यावर चुन्याचा लेप द्यावा किंवा इपॉक्सी पुटी दाबून बसवावी. त्यानंतरही दोन-तीनदा ठिपके उगवतील. ते चार पॉलिपांचे असतानाच खरवडावेत.

खडक मांडणीत पक्का बसलेला असेल आणि हलवता येत नसेल, तर अंधाराचा उपाय करावा. या पॉलिपांची बरीचशी गुजराण प्रकाशावर होते, त्यामुळे अपारदर्शक, पाण्याला निर्धोक अशा प्लॅस्टिकच्या तुकड्याने तो भाग कित्येक आठवडे झाकून ठेवला की चटई विरळ होऊन सुटू लागते. कडेने प्रकाश शिरला तर कडेचा भाग जिवंत राहतो, म्हणून झाकण चटईच्या हद्दीबाहेर दोन बोटे तरी जायला हवे. पूर्ण उच्चाटन शक्य नसेल तर सीमा आखावी: चटई आणि प्रवाळ यांच्यामध्ये दोन इंचांची मोकळी पट्टी ठेवून ती दर आठवड्याला खरवडावी.

झेनियाची तऱ्हा निराळी. तो नुसता पसरत नाही, चालतो. एक खोड दुसऱ्या दगडावर टेकते, तिथे चिकटते आणि मागचा भाग सोडून देते. ही सवय आपल्या उपयोगाची आहे. झेनियाच्या झुबक्याला लागून सुटे छोटे दगड ठेवावेत, तीन-चार आठवड्यांत तो त्यांवर चढतो, मग दगड उचलून बाहेर. जो उरतो तो बुडाशी कापताना दुसऱ्या हातात सायफनची नळी धरावी, कारण सुटलेला प्रत्येक तुकडा कुठेतरी रुजतो. केनिया ट्री हे मऊ प्रवाळ आपल्या फांद्या आपणच गाळते, तेव्हा गळलेल्या फांद्या दर आठवड्याला वेचणे एवढाच इलाज.

हायड्रॉइडांच्या बाबतीत खाद्य कमी करणे, खडक काढून खरवडणे आणि उरलेल्यांवर गोंद लावणे यापलीकडे सोपा मार्ग नाही. फेनबेन्डाझोल हे जनावरांचे जंतनाशक हायड्रॉइडांना आणि ग्रीन स्टार, क्लोव्ह, झेनिया यांनाही मारते, हे खरे आहे. ते गोगलगायींना आणि वाळूतल्या कृमींनाही मारते आणि खडकात दीर्घकाळ मुरून राहते, म्हणून मुख्य टाकीत नवख्याने ते घालू नये. वेगळ्या बादलीत एखाद्या खडकापुरते वापरायचे असले तरी तो खडक पुन्हा आणताना गोगलगायी दगावण्याची तयारी ठेवावी.

पायरी ६: पॅलिथोआ, आणि त्याआधी स्वतःची काळजी

हवाई बेटांपैकी माउई बेटावरील हाना परिसरात एका खडकाळ डबक्यातल्या ‘शेवाळा’विषयी जुनी आख्यायिका होती, की ते भाल्याच्या टोकाला चोळले तर जखम जीवघेणी ठरते. ते शेवाळ नव्हतेच, तो पॅलिथोआ होता. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर या संशोधकांनी त्यातून मिळवलेल्या विषाला पॅलिटॉक्सिन हे नाव आहे आणि निसर्गातील अतितीव्र विषांत त्याची गणना होते. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटून त्याचे सताड उघडे दार करते. त्यावर उतारा नाही, रुग्णालयात केवळ लक्षणांवर उपचार होतात.

सर्वच झोअँथिडांत ते सारख्या प्रमाणात नसते आणि काहींत जवळजवळ नसतेही. पण कोणत्यात आहे हे रंगरूपावरून सांगता येत नाही, म्हणून सर्वांनाच विषारी मानून वागावे. भराभर वाढणारे तपकिरी पॅलिथोआ, ज्यांना लोक किरकोळ समजून उपटून फेकतात, तेच बहुधा अधिक धोक्याचे असतात.

अपघात कसे होतात हे पाहिले की नियम आपोआप पटतात. २०१४ मध्ये अलास्कातील अँकरेज येथे घरच्या टाकीत झोअँथिड ठेवल्यानंतर सात-आठ तासांनी एका माणसाला तोंडात कडवट धातूसारखी चव, ताप, अशक्तपणा, खोकला आणि स्नायुदुखी सुरू झाली. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात टाकी साफ करताना सुटलेल्या विषामुळे एका कुटुंबाला रुग्णालयात न्यावे लागले, आणि मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही. म्हणजे विष पोटात जावे लागते असे नाही; हवेतले सूक्ष्म तुषार पुरतात.

त्यामुळे पॅलिथोआ असलेला खडक उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उन्हात सुकवून मग घासू नये, प्रेशर वॉशरने धुऊ नये. पॅलिटॉक्सिन उकळल्याने नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर ते घरभर पसरते. इतर पॉलिपांसाठी वापरण्याचे उकळते पाणीही, टाकीत झोअँथिड शेजारी असतील, तर वर्ज्य समजावे.

काम करताना नायट्राइलचे लांब हातमोजे, डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असणारा चष्मा आणि मुखपट्टी वापरावी. हातावर ओरखडा असेल तर त्या दिवशी काम करू नये. मुले, पाळीव प्राणी खोलीबाहेर, खिडक्या उघड्या. पॉलिप कापू नयेत, खडक कापावा: छिन्नीने खडकाचा कपचा पॉलिपांसकट सुटा करावा आणि हे सर्व पाण्याखाली करावे, म्हणजे चिळकांडी उडत नाही. डिवचलेला पॅलिथोआ पाणी पिचकारीसारखे फेकतो आणि ते बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येते. चष्म्याशिवाय वाकून बघणाऱ्याला डोळ्याच्या बुबुळाची गंभीर इजा होऊ शकते.

काढलेला कपचा थेट ब्लीचच्या बादलीत जावा. घरगुती ब्लीचच्या एका भागाला नऊ भाग पाणी घ्यावे आणि निदान अर्धा तास बुडवून ठेवावे. त्याच द्रावणात चाकू, छिन्नी आणि हातमोजेही बुडवावेत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लिंबू-व्हिनेगरचे प्रयोग करणाऱ्यांच्या हाताशी दोन्ही बाटल्या एकाच वेळी असतात म्हणून हे मुद्दाम सांगितले. कामानंतर काही तासांत ताप, थंडी, धाप, छातीत दुखणे, अंग मुंग्या आल्यासारखे होणे यांपैकी काही जाणवले तर घरी वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्टपणे सांगावा, नाहीतर साधा फ्लू समजून परत पाठवले जाण्याची शक्यता असते.

पायरी ७: मोहिमेनंतरचे पाणी

पॉलिप मेले की सडतात. मोठ्या सफाईनंतर स्किमर (पाण्यातला सेंद्रिय कचरा फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र) जोरात चालवावा, ताजे ॲक्टिव्हेटेड कार्बन लावावे, दुसऱ्या दिवशी १५-२० टक्के पाणी बदलावे आणि आठवडाभर अमोनियाकडे लक्ष ठेवावे. क्षारता (म्हणजे अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) ८-९ डीकेएच या एककात, सापेक्ष घनता १.०२५-१.०२६ आणि तापमान २५-२६ अंश सेल्सिअस स्थिर राहिले तर दुखावलेले प्रवाळ बहुधा सावरतात.

खाद्य कमी करण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो आणि एप्टेशियाच्या बाबतीत तो खरा आहे, पण त्याचा अतिरेक करू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणले तर एप्टेशिया मरत नाहीत, आपले प्रवाळ फिके पडतात, आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर चढतो. नायट्रेट ५-१० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३-०.१ पीपीएम या पट्ट्यात राहावे. खाद्य किती टाकतो यापेक्षा दहा मिनिटांनंतर त्यातले किती तळाशी उरते, ते पाहणे अधिक उपयोगाचे.

सम्पच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एखाद-दोन एप्टेशिया उरले म्हणून रात्र जागवू नये. मी माझ्या सम्पमधले सोडून दिले आहेत आणि परतीच्या पंपापूर्वी जाळी बसवली आहे. ग्रीन स्टारही टाकीच्या मागच्या काचेवर, कोणत्याही खडकाला न टेकता वाढवला तर सुंदर दिसतो. आवडत्या पण पसरणाऱ्या पॉलिपासाठी वाळूत एकटा उभा राहणारा, मुख्य मांडणीपासून वीतभर दूर असा दगड द्यावा आणि कडेने खाली उतरू लागला की कात्री लावावी.

पायरी ८: दारातच अडवणे आणि काढलेल्याची विल्हेवाट

नवीन फ्रॅग आणला की तो ज्या प्लगवर आहे तो प्लग शक्यतो कापून टाकावा आणि प्रवाळ नव्या, कोरड्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवावे. मी पाहिलेले बहुतेक एप्टेशिया प्लगच्या खालच्या बाजूला, देठाजवळच्या खाचेत होते, जिथे विकत घेताना कोणी बघत नाही. प्रवाळांना बुडवून काढण्याची औषधी द्रावणे चपट्या कृमींवर आणि काही किड्यांवर चालतात. एप्टेशियावर त्यांचा भरवसा धरू नये. त्याऐवजी दिवा, छोटा हीटर आणि एक पॉवरहेड एवढ्यावर चालणारी २०-३० लिटरची वेगळी टाकी ठेवून नवीन फ्रॅग तिथे चार ते सहा आठवडे राहू द्यावा आणि दर आठवड्याला रात्री टॉर्चने तपासावा. नवी टाकी मांडणाऱ्याने कोरड्या खडकापासून सुरुवात केली तर आगंतुकांचा एक मोठा रस्ता बंद होतो. त्याच्या बदल्यात टाकी मुरायला अधिक महिने लागतात.

काढलेले पॉलिप, खडकाचे कपचे आणि बादलीतले पाणी समुद्रात, खाडीत, नदीत किंवा पावसाच्या पाण्याच्या गटारात कदापि टाकू नये. झेनियाच्या कुळातील युनोमिया हे मऊ प्रवाळ मूळचे हिंद-प्रशांत सागरातले. मत्स्यालय व्यापारातून ते व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि तिथल्या खडकांवर आणि समुद्रगवतावर चटईसारखे पसरून त्याने स्थानिक प्रवाळांची जागा घेतली आहे. बादलीतल्या पाण्यात वर सांगितलेल्या प्रमाणात ब्लीच मिसळून अर्धा तास ठेवावे, ते पाणी घरातल्या सांडपाण्याच्या मोरीत ओतावे, आणि कपचे दुहेरी पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकावेत. बादलीवर ठळक अक्षरांत ‘फक्त ब्लीच’ असे लिहून ती टाकीच्या कामासाठी पुन्हा वापरू नये.